ठोसा, पकड आणि काढता पाय

हल्ली प्रत्येक ऑफिसात दोन पंथ सापडतात. पहिला ठोसेवाल्यांचा. ही मंडळी सकाळी सहाला किकबॉक्सिंग करून येतात, लिफ्टच्या आरशात बघून हळूच एक जॅब मारतात आणि प्रोटीन शेक हलवत जागेवर बसतात. दुसरा पंथ पकडवाल्यांचा. हे जिउ-जित्सू शिकतात. कॅन्टीनमध्ये आपण निवांत चहा पीत असताना आपलं मनगट धरतात आणि म्हणतात, 'हं, आता सोडव बघू!' दोन्ही पंथांचं आपसात पटत नाही. ठोसेवाले म्हणतात, जवळ येऊच देणार नाही. पकडवाले म्हणतात, एकदा हातात सापड, मग बघतो. तासभर वाद चालतो आणि शेवटी नेमक्या एका प्रश्नाला येऊन अडकतो. समोर एक नसून चौघं असले तर?

प्रश्न वाटतो तितका फिल्मी नाही बरं का. काळोख्या गल्लीत चाकू घेऊन उभा असलेला एकटा गुंड बहुतेक सिनेमातच भेटतो. आपल्यासारख्यांच्या आयुष्यात भांडण येतं ते असं: गाडीला गाडी घासते, आपण काच खाली करतो, समोरच्या गाडीचे चारही दरवाजे एकदम उघडतात. किंवा रात्री एक वाजता पार्किंगमध्ये कुणीतरी मैत्रिणीला काही बोलतं, आपण 'ए, काय म्हणालास?' म्हणतो आणि मग लक्षात येतं की बोलणारा एकटा नाही. माणसं भांडायला सहसा एकटी येत नाहीत. एकटे असतो ते आपण.

मामेभावाची जिंकलेली कुस्ती

माझं आजोळ घोडेगाव. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर सोडून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की पाऊण-एक तासात येतं ते नेवासे तालुक्यातलं. जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यासाठी सगळ्या जिल्ह्याला माहीत असलेलं गाव. शनिशिंगणापूरला जायचं तर इथूनच आत वळतात. तिथं घरांना दारं नाहीत म्हणून जगभरातून लोक बघायला येतात. हायवेवर मात्र आपण गाडीची लॉक दोनदा तपासतो. असो.

तर या घोडेगावात माझा मामेभाऊ आहे. पैलवान गडी. लहानपणी जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या करत सुरुवात झाली, पुढं इनामाच्या कुस्त्या. मान अशी, की शर्टाचं वरचं बटण त्याला आयुष्यात लागलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी रात्री हायवेवरच्या एका ढाब्यावर पिकअप मागं घेताना त्याचा धक्का एका मोटरसायकलला लागला. बाचाबाची झाली. समोर चार जण. पहिल्यानं कॉलर धरली आणि आमच्या गड्यानं त्याला धोबीपछाड घातली. एकदम पाठीवर! मग हाडात मुरलेल्या सवयीप्रमाणं तो त्याच्या छातीवर बसला, दोन्ही खांदे जमिनीला टेकवून.

पुढची लाथ मागून आली. त्यानंतरच्या लाथा त्यानं मोजल्या नाहीत. ढाब्यावरची पोरं ओरडत बाहेर धावली म्हणून बरं. दोन बरगड्या मोडल्या होत्या. सहा आठवडे हसलं तरी कळ यायची, आणि आमच्या घरात तर हसवणाऱ्यांची कमी नाही.

मामांचं यावरचं मत एका वाक्यात होतं. 'अरे, कुस्ती त्यानंच जिंकली की. पण शिट्टी मारायला पंच कुठं होता तिथं?'

सगळ्या वादाचं सार यात आलं. कुस्तीत समोरच्याची पाठ लागली की निकाल लागतो, हलगी वाजते, कुणीतरी फेटा बांधतं. रस्त्यावर समोरच्याची पाठ लागली की आपण फक्त एका जागी बांधले जातो. आपले दोन्ही हात त्याच्यात गुंतलेले, नजर खाली आणि पाठ उघडी. जिउ-जित्सूवाल्यांची गोष्ट वेगळी नाही. गळ्याची पकड नीट बसली तर समोरचा साधारण पाच ते दहा सेकंदांत बेशुद्ध होतो. एकास एक असताना हे भलतंच परिणामकारक. पण त्याचे तीन मित्र ते दहा सेकंद घड्याळ बघत उभे राहतील का?

ठोसेवाल्यांनी हसू नये

आता ठोसेवाले खूश झाले असतील. त्यांच्यासाठी पुण्यातल्या एका मित्राची गोष्ट. दोन वर्षं इमानेइतबारे बॉक्सिंग शिकलेला. रात्री हॉटेलबाहेर रिक्षावरून तिघांशी वाजलं. यानं पहिला ठोसा असा मारला, की कोचला आनंद व्हावा. तो नेमका समोरच्याच्या कपाळावर बसला. कवटीचं हाड जाड आणि करंगळीमागचं तळहाताचं हाड नाजूक. ग्लव्ह नसताना या सामन्यात कोण जिंकणार ते ठरलेलं आहे. या मोडण्याला डॉक्टरी भाषेत नावच 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' आहे! पुढं दुसऱ्यानं मागून कमरेला मिठी मारली. रिंगमध्ये अशी मिठी पडली की रेफरी 'ब्रेक' म्हणून सोडवतो. इथं सोडवणारं कुणी नव्हतं. तिसऱ्यानं टी-शर्ट डोक्यावर ओढला. मित्र भुवईला टाके आणि हाताला प्लास्टर घेऊन घरी आला आणि महिनाभर एका हातानं ई-मेल टाइप करत होता.

म्हणजे हिशेब असा. ठोसा मारणारा उभा राहतो, हलता राहतो आणि त्याचे हात मोकळे राहतात. अनेकांसमोर हे तिन्ही फायदे मोठे आहेत. पण त्याला पकड सोडवता येत नसेल, तर पहिल्या मिठीत खेळ खलास. पकडणाऱ्याला तोल कळतो, मिठी कळते, पण तो स्वतःहून एकाला चिकटतो आणि बाकीच्यांना फुकटात पाठ देतो.

रांगेत येतात ते वेगळे

पकडवाल्यांचा पुरावा ठरलेला असतो. १२ नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर शहर, पहिली यूएफसी स्पर्धा. आठ खेळाडू, कराटेवाले, बॉक्सर, किकबॉक्सर असा सगळा मसाला. त्यात रॉयस ग्रेसी नावाच्या सडपातळ ब्राझिलियन तरुणानं एकाच रात्री तिघांना हरवलं, तेही जमिनीवर नेऊन. त्या रात्रीनंतर जगभरच्या क्लासचे फळे बदलले. हे सगळं खरं. पण ते तिघं एकामागून एक आले होते! प्रत्येक वेळी पिंजऱ्यात दोघंच. मधे विश्रांती, पाणी, टॉवेल.

ठोसेवाल्यांकडेही अशीच एक दंतकथा असते, क्योकुशिन कराटेची शंभर जणांशी लढत. ती खरीखुरी परीक्षा आहे आणि भल्याभल्यांचा कस काढते. पण त्यातही शंभर जण रांगेतच येतात. एकामागून एक शंभर आणि एकदम तीन, यातले तीन जास्त अवघड असू शकतात. आपल्या हिंदी सिनेमातले गुंड तेवढे सुसंस्कृत. पहिला पडेपर्यंत बाकीचे मागं नाचत थांबतात.

दोन्ही विद्या येत असलेला माणूस खऱ्या जमावासमोर उभा राहिला तर काय होतं? इतिहासात याचं उदाहरण आहे. इमी लिख्टेनफेल्ड. ब्रातिस्लाव्हात वाढलेला ज्यू तरुण, बॉक्सिंग आणि कुस्ती दोन्हींत तरबेज, वडील पोलिस खात्यात. १९३०च्या दशकात फॅसिस्ट टोळ्या ज्यू वस्तीवर चालून यायला लागल्या तेव्हा तो आणि त्याचे साथीदार त्यांना रस्त्यावर भिडले. आखाड्यात पदकं मिळवून देणाऱ्या गोष्टी रस्त्यावर तशाच्या तशा चालत नाहीत, हे त्याला तिथं कळलं. पुढं इस्रायलच्या सैन्याला त्यानं जे शिकवलं ते 'क्राव्ह मागा' म्हणून ओळखलं जातं. त्यातला फंडा एका ओळीत सांगता येतो: झटपट मार, एकात गुंतू नको, आजूबाजूला बघ आणि निघ.

हल्लेखोर क्रमांक तीन

वाचून पटतं, पण बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. म्हणून गेल्या दिवाळीत घोडेगावला गेलो तेव्हा मामेभावाला म्हटलं, एकदा करून बघू. बरगड्या आता ठणठणीत होत्या. संध्याकाळी तालमीत गेलो. चपला बाहेर, मातीला हात लावून नमस्कार. वस्तादांनी दोन तरणी पोरं दिली आणि हल्लेखोर क्रमांक तीन म्हणून माझी निवड झाली. वजन ऑफिसचं, ताकद नावापुरती. नियम दोनच. लागेल असं मारायचं नाही, आणि वस्ताद 'बास' म्हणाले की थांबायचं.

पहिल्या फेरीत मामेभावानं फक्त कुस्ती खेळायची. त्यानं क्षणात पहिल्या पोराचा पट काढून त्याला खाली घेतला. मी काय केलं? मागून जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली आणि लोंबकळलो. बस्स. दुसऱ्या पोरानं त्याचा पाय ओढला. वस्तादांचे दहा आकडे मोजून व्हायच्या आत पैलवान मातीत आणि मी वर!

दुसऱ्या फेरीत फक्त हात चालवायचे, ठोशाऐवजी उघड्या हाताच्या थापा. यावेळी तो जास्त टिकला. फिरत राहिला, दोघांना छातीवर सणसणीत थापा बसल्या. पण कधीतरी कोपरा आला, मी पुन्हा कमरेला चिकटलो. तो माझ्या डोक्यावर थापा मारत होता आणि मी डोळे मिटून धरून होतो. तेवढ्यात बाकीचे दोघं पोचले.

इथं मला या विषयातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट कळली. टोळीतल्या तिसऱ्या माणसाला काहीही येत नसलं तरी चालतं! त्यानं फक्त धरून ठेवायचं असतं. पकड ही एकट्याची ताकद कमी आणि टोळीची जास्त. पोलिसांना पकडीची विद्या उपयोगी पडते तीही याचमुळे. ते अनेक असतात आणि समोरच्याला इजा न करता धरायचं असतं. एकट्या माणसानं पकड शिकायची ती धरण्यासाठी नव्हे, सुटण्यासाठी.

तिसऱ्या फेरीआधी वस्ताद मामेभावाला म्हणाले, 'कुणाला पाडू नको. दारापर्यंत जा. जे करायचं ते कर.'

काय फरक पडला सांगू! तो सरळ मधे घुसलाच नाही. कडेकडेनं गोल फिरला, असा की आम्ही तिघं एकामागं एक आलो. पुढच्याला दोन्ही तळव्यांनी छातीवर ढकललं तो थेट माझ्या अंगावर. दुसऱ्यानं दंड धरला, तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात झटकून सोडवला, कारण पकडीत अंगठ्याची बाजूच कच्ची असते. आम्ही दोघं एकमेकांच्या पायांत अडखळत होतो तेव्हा पैलवान दारात उभा राहून तांब्यानं पाणी पीत होता. कुणी पडलं नाही, कुणी हरलं नाही. तो फक्त तिथं नव्हता.

वस्ताद म्हणाले, 'डाव दिसतो लोकांना. पवित्रा दिसत नाही.'

हा 'पवित्रा' शब्द आपण राजकारणाच्या बातम्यांत रोज वाचतो, 'आक्रमक पवित्रा' वगैरे. मुळात तो लढवय्यांचा शब्द, उभं राहण्याची आणि पाय टाकण्याची पद्धत. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात लाठी किंवा दांडपट्टा फिरवताना बघा. हत्यार चारही दिशांना फिरतं आणि पाय एका जागी राहत नाहीत. एकानं अनेकांशी लढायचं हे तिथं गृहीतच धरलेलं आहे. आणि तिथंही हातात काहीतरी लांब असतं हे विसरू नका. नुसत्या हातांनी चौघांना लोळवायची कला कुठल्याच परंपरेनं आपल्याला दिलेली नाही.

शाळेत शिकलेली पावनखिंड आठवते? १३ जुलै १६६०. तेव्हा तिचं नाव घोडखिंड. बाजीप्रभूंनी शत्रूला उघड्या माळावर नाही, अरुंद खिंडीत अडवलं, म्हणजे मोठ्या फौजेलाही एकदम अंगावर येता येऊ नये. आणि त्या लढाईचं यश कशात मोजलं गेलं? किती मारले यात नव्हे. महाराज विशाळगडावर पोचले यात. बाजीप्रभूंनी त्याची किंमत प्राणांनी दिली. आपल्या पार्किंगमधल्या भांडणाला एवढी किंमत देण्याजोगं काही नसतं. पण सूत्र तेच. अनेकांना एकेक करा, आणि पोचायचं कुठं ते विसरू नका. आपली खिंड म्हणजे दोन उभ्या गाड्यांमधली फट, पलीकडून बाहेर पडता येत असेल तरच. नाहीतर तो कोपरा होतो. चक्रव्यूहात शिरायची विद्या अभिमन्यूकडेही होती.

आणि कायदा काय म्हणतो?

टेन्शनचा आणखी एक मुद्दा. डांबरी रस्त्यावर डोकं आपटलं तर माणूस दगावू शकतो, मग त्याला ठोशानं पाडलेलं असो की पछाडीनं. मातीच्या हौद्यात आणि मॅटवर जे निरुपद्रवी असतं ते फुटपाथवर जीवघेणं ठरतं. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करायचा हक्क आपल्याला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. पण कलम ३७ हेही सांगतं, की बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क चालत नाही. पळणाऱ्याच्या मागं धावून त्याला हाणलं, तर ते स्वसंरक्षण राहत नाही. गंमत म्हणजे संख्येचं महत्त्व कायद्यालाही माहीत आहे. लुटणारे चारपर्यंत असतील तर ती जबरी चोरी, पाच झाले की दरोडा.

मग शिकायचं काय?

दोन्ही! पण उलट्या हेतूनं. पकडीची विद्या शिका ती न पडण्यासाठी, मिठी सोडवण्यासाठी आणि पडलात तर पटकन उठण्यासाठी. ठोशाची विद्या शिका ती पायांसाठी, अंतर राखण्यासाठी आणि वाट मोकळी करण्यापुरता एखादा फटका देण्यासाठी. वेळ कमी असेल तर सहा महिने एका तालमीत किंवा ज्युदोच्या वर्गात आणि सहा महिने बॉक्सिंगमध्ये घाला. मुलींनाही हेच लागू, उलट जरा जास्तच, कारण मुलींवरचा हल्ला अनेकदा धरण्यापासूनच सुरू होतो, मनगट, दंड, केस. मुलींना शिकवणारी कुस्ती केंद्रं आता बऱ्याच ठिकाणी आहेत. क्लासला पैसे भरण्याआधी सरांना एकच प्रश्न विचारा: 'दोघं एकदम अंगावर आले तर, याचा सराव तुम्ही घेता का?' उत्तरादाखल सरांनी सगळ्यांना लोळवण्याचे सात डाव दाखवले तर नमस्कार करून निघा. बाहेर पडायचा सराव घेत असतील तर फी भरा.

पाकिटात ठेवा

• काच खाली करण्याआधी समोरच्या गाडीत किती डोकी आहेत ते मोजा. तीनच्या वर असतील तर घासलेला रंग इन्शुरन्सवाला बघेल.

• 'सॉरी भाऊ' हा सगळ्यात स्वस्त डाव आहे. वापरा.

• मधे उभं राहू नका, कडेनं सरका. सगळे एका बाजूला दिसले पाहिजेत.

• मारावंच लागलं तर मुठीपेक्षा तळव्यानं मारा. जवळून कोपर, गुडघा.

• कुणालाही धरू नका. धरलं गेलात तर सगळ्यात आधी तेच सोडवा.

• पडलात तर डोकं झाका, भिडत बसू नका, उठा.

• ओरडा. उजेडाकडे आणि माणसांकडे पळा. मग ११२.

काढता पाय घेणं याला आपल्या भाषेत उगाच थोडं कमीपण चिकटलंय. पण तालमीत बघितलेलं सांगतो. चौघांच्या मधून काढता पाय घ्यायला मजबूत मांड्या लागतात, मोकळे हात लागतात, थंड डोकं लागतं आणि खूप सराव लागतो. ठोसा एका दिवसात जमेल. हा डाव जमायला वर्ष जातं. सोमवारपासून सुरुवात करायला हरकत नाही.